मुराळ्याची जीप

दिगू, तुझ्या तेराव्याला आलेल्या माणसांनी तुझ्याबद्दल एवढं गोड गोड सांगितलं, की ही मंडळी भलत्याच कोणाबद्दल बोलतायत की काय असं मला वाटायला लागलं. शांत माणूस, म्हणे. कधी कोणाशी वाद नाही, म्हणे. मी आतल्या खोलीत तुझ्या शोभाजवळ बसले होते आणि मनात म्हणत होते, यांना काय ठाऊक. हा शांत माणूस एका गाडीवरून महिनोन् महिने सख्ख्या बहिणीचं डोकं खात होता. तो वाद मी जिंकले असं तूच जाहीर करून टाकलंस आणि निघून गेलास. मला तो असा जिंकायचा नव्हता रे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. गेल्या आखाजीपासून, शाळेच्या भाषेत अक्षय्य तृतीयेपासून, राहिलीय. दर वेळी फोन लावताना ठरवायचे, आज सांगून टाकू. मग कांद्याचं काय झालं, शोभाचे गुडघे कसे आहेत, माझ्या समीरला सुट्टी मिळते की नाही, असलं सगळं बोलून फोन ठेवून द्यायचे. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मीच आधी जाणार हे मी धरून चालले होते, त्यामुळे घाई वाटली नाही. आता जळगावच्या या घरात वही घेऊन बसलेय. निवृत्त मास्तरीण, दुसरं काय करणार.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तू मला न्यायला आलास तो एसटीने. विशी नुकतीच ओलांडली होतीस. माहेराहून न्यायला मुराळी आल्याशिवाय लेकीनं सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, ही आपल्याकडची रीत. सासूबाईंनी पाट मांडून तुला जेवू घातलं आणि तू लाजून पुरणपोळी एकच खाल्लीस. जळगाव ते धुळे आपण उभ्यानं गेलो. धुळे ते साक्री मी माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसले आणि तू दांड्याला लोंबकळत होतास. साक्रीच्या पुढे डोंगराकडचे शेवटचे सहा किलोमीटर बैलगाडी. घरी पोचल्यावर तू आईला सांगितलंस की अक्काला मी पुन्हा एसटीने आणणार नाही. आई हसली होती. तुझं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही.

आणि मग एका आखाजीला तू ती जीप घेऊन आमच्या दारात उभा. सरकारी लिलावातली. मूळचा हिरवा रंग उडाला होता म्हणून तू घरच्याच ब्रशने रंगवली होतीस, त्याचे फराटे लांबूनही दिसत. दरवाजे नव्हतेच. वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकडी, आणि स्प्रिंगचे पाटे असे कडक की खड्डा आला की माणूस बाकड्यावरून वर उडायचा. समीर तेव्हा मांडीवर होता. एका हातानं त्याला धरायचं, दुसऱ्या हातानं लोखंडी दांडा धरायचा, आणि पदर दातात. माहेरी पोचल्यावर मी न्हायला बसले की पहिल्या पाण्यात नुसती माती निघायची.

पस्तीस वर्षं, दिगू. दर आखाजीला. आमच्या कॉलनीच्या वळणावर त्या इंजिनाचा आवाज आला की समोरच्या पाटलीणबाई गॅलरीत येऊन सांगायच्या, तुमचा मुराळी आला हो. मी दर वेळी कुरकुर केली. गाडी बदल म्हटलं. तू दर वेळी तेच ऐकवलंस की शेवटच्या सहा किलोमीटरला दुसरी गाडी येऊन दाखव म्हणावं. ते खरंही होतं. नाल्यातले गोटे आले की तू तो छोटा दांडा ओढायचास, पुढच्या चाकांना जोर मिळायचा आणि ती हळूहळू पुटपुटत वर चढायची. पाड्यावरच्या बाया बाळंतपणाला त्याच जीपमधून साक्रीला उतरल्या, हे तेराव्याला तीन जणांनी सांगितलं. सांगू देत. पण त्याच जीपनं माझी कंबर धरली, हे कोणी सांगितलं नाही.

तुझे दाजी गेले, सासूबाई तर कधीच्या गेल्या होत्या. मला पाठवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मी बस धरून कधीही माहेरी आले असते. तरी तू आलास. मी विचारलं, आता कोणाच्या परवानगीनं नेतोस मला? तू उठलास. घराला कुलूप लावलंस, दोनदा ओढून पाहिलंस आणि माझी पिशवी जीपमध्ये ठेवलीस. त्या वर्षी वाटेत मी कंबरेची तक्रार केली नाही. करावीशीच वाटली नाही.

मग समीरची गाडी आली. पुण्यात चांगली नोकरी, बायको तिकडे कमावती, हौस म्हणून त्यानं ती परदेशी, उघड्या टपाची गाडी घेतली आणि दिवाळीला मला दाखवायला जळगावला आणली. त्या भाऊबीजेचं मला अजून हसू येतं. ओवाळून झाल्यावर तू ताटावर बसायच्या ऐवजी अंगणात गेलास आणि नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली आडवा झालास. बाहेर आलास तो कपाळाला आठ्या. पोट जमिनीला टेकलंय हिचं, म्हणालास. समीरनं बटण दाबलं. टप आपोआप उचललं गेलं, मधोमध मोडलं आणि डिक्कीत जाऊन बसलं. सगळी कॉलनी बघत होती. तू मात्र मागे जाऊन डिक्कीत डोकावलास. टपानंच सगळी डिक्की खाल्ली, तर अक्काच्या कुरडया-पापडांचा डबा कुठे ठेवणार, हा तुझा प्रश्न. नंतर स्टेपनी शोधलीस. स्टेपनी नव्हतीच. पंक्चर झालं तर कंपनीला फोन करायचा असं समीरनं सांगितल्यावर तू त्याच्याकडे असं पाहिलंस, जसं वर्गात पाढे न येणाऱ्या मुलाकडे मी पाहायचे.

"अक्का, हाई गाडी नही शे," तू म्हणालास, "हाऊ दागिना शे."

तू अहिराणीत बोलायचास आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायचे, हे आपलं कायमचंच. मी म्हटलं, असू दे दागिना. या वयात बाईनं दागिना घातला तर तुझं काय गेलं?

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. तुझं म्हणणं, उघडी गाडी उघडी गाडी काय करता, मी तुला पस्तीस वर्षं उघड्या गाडीतच फिरवलं. हूड काढलं की झालं, समोरची काच बॉनेटवर पाडली की झालं, बटण कशाला लागतं. मी म्हणायचे, तुझ्या गाडीत धूळ येते, या गाडीत वारा येतो, फरक आहे. तू म्हणायचास, तुझ्या गाडीची सीट थंड होते, पण वैशाखात टप उघडलं तर डोकं भाजेल त्याचं काय. मी म्हणायचे, तुझी जीप चाळीसच्या पुढे पळवली की बोलणं ऐकू येत नाही. त्यावर तू म्हणायचास, ते बरंच आहे. रविवारी फोनवर आपण दुसरं काही बोलतच नव्हतो. शोभा मागून ओरडायची की तुम्ही बहीण-भाऊ आहात की गाड्यांचे एजंट.

मी तुला कधी कबूल केलं नाही, पण जीपचं बरंच काही मला पटायचं. समीरच्या गाडीत मागे माणूस बसूच शकत नाही. वाटेत कोणी म्हातारी हात करून उभी असली तर तिला घ्यायची सोय नाही. तुझ्या जीपमध्ये साक्रीपासून गावापर्यंत दर वेळी पाच-सात माणसं, एखादी शेळी, कोणाचं तरी दळण असायचंच. मी नाक मुरडायचे. पण आखाजीला माहेरी आल्यासारखं वाटायला लागायचं ते तिथूनच, त्या शेळीच्या वासापासून. ते मान्य केलं असतं तर तू आठवडाभर ते गावात सांगत फिरला असतास.

आता गेल्या आखाजीचं.

आठ दिवस आधी मी फोन केला. यंदा जीप घेऊन येऊ नकोस, समीर सुट्टी काढून येतोय, तोच मला सोडेल. माझ्यानं तुझ्या जीपमध्ये आता बसवत नाही. असं तोडून बोलले मी. तू उलट विचारलंस,

"मुराळीबिगर माहेरले येतस का कोनी?"

मी म्हटलं, मी येणार. तू म्हणालास, बरं. आणि तुझ्या त्या बरंवर मी विश्वास ठेवला. साठ वर्षांची ओळख असताना ही चूक मी करायला नको होती.

आम्ही सकाळी सातला निघालो. ऊन अजून चढायचं होतं. एरंडोल गेल्यावर समीर म्हणाला, आई, उघडू का टप? मी आधी नको म्हटलं. मग म्हटलं, उघड. आणि दिगू, काय सांगू तुला. डोक्यावर नुसतं आभाळ, दोन्ही बाजूंनी वारा, पदर फडफडतोय, अंबाडा सुटून केस तोंडावर येतायत, आणि धक्का म्हणून नाही. ट्रकवाले वाकून वाकून बघत होते. मी हसत होते. तुझे दाजी गेल्यापासून मी असं मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही. पारोळं मागे पडलं.

पारोळ्याच्या पुढे, दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूला, एक जीप कडेला उभी होती. बॉनेट वर. ब्रशचे फराटे. बाजूला पांढऱ्या शर्टातला माणूस, हातात पाण्याचा कॅन. तू रस्त्याकडे मान वर केलीस आणि लगेच बॉनेटमध्ये वाकलास, पाणी ओतायला असावं.

मी तुला ओळखलं. क्षणाचाही वेळ लागला नाही. समीरचं लक्ष पुढे होतं, तो मला गाडीतल्या पडद्यावरचं काहीतरी समजावून सांगत होता. थोडं पुढे दुभाजकाला कट होता, वळायला जागा होती. मला तो कट लांबून दिसला. थांब रे, एवढंच म्हणायचं होतं. कट जवळ आला आणि मागे गेला. मी काही बोलले नाही.

का, ते सांगते. आधी राग आला की या बाबानं नाही म्हटल्यावरही ऐकलं नाही. पण राग दोन मिनिटंच टिकला आणि धुळ्याला पोचायला अर्धा-पाऊण तास होता. म्हणजे रागाचं कारण काही खरं नाही. खरं असं की थांबले असते तर मला उतरावं लागलं असतं. मुराळी समोर आल्यावर त्याला रस्त्यात सोडून दुसऱ्या गाडीनं माहेरी जाता येत नाही. मग पुन्हा ते बाकडं, ती धूळ. समीर एवढ्या हौसेनं आलेला, त्याचं तोंड उतरलं असतं. आणि मला मजा येत होती, दिगू. मला त्या गाडीतून गावात उतरायचं होतं. आखाजीच्या झोक्यांवरच्या साऱ्या माहेरवाशिणींनी बघावं असं वाटत होतं. शिकलेली, साठी उलटलेली बाई मी, आणि एवढ्याशा नादापायी भावाला भर रस्त्यात सोडून आले.

गावात झालं सगळं माझ्या मनासारखं. शेवटच्या सहा किलोमीटरला आता सिमेंट झालंय, त्यामुळे गाडीचं पोट कुठेही घासलं नाही. पोरी झोके सोडून धावत आल्या. शोभा बाहेर आली आणि माझ्या मागे बघायला लागली. तुम्ही जीपमध्ये नाही का, असं विचारलं तिनं. ते तर पाचलाच निघाले तुम्हाला घ्यायला. मी जाऊ नका म्हटलं, तरी अक्का मुराळी गेल्याशिवाय निघायची नाही, असं म्हणून गेलेत.

मी गालाला हात लावून म्हटलं, अगं बाई, हो का? चुकामूक झाली वाटतं.

असं म्हटलं मी, दिगू. समीरनं तुला फोन लावला, पण गाडी चालवताना तू तो बंद करून सीटखाली ठेवायचास हे सगळ्यांना माहीत. मग आम्ही वाट पाहिली. मी आमरसाच्या वाटीतला चमचा ढवळत बसले.

तू दुपारी दोनला आलास. हात काळे, शर्ट घामानं चिकटलेला, आणि तोंडभर हसू. रेडिएटर गळायला लागला म्हणालास, पारोळ्याहून पुढे जाता येईना, तिथूनच मागे फिरलो. तुला पाहून तुझ्या बहिणीला जीव घेऊन पळावंसं वाटत होतं आणि तू माझ्या शेजारी येऊन बसलास.

"तुन्हीज गाडी बरी शे, अक्का. मन्ही जीप आते म्हातारी व्हई गयी."

सगळे हसले. वाद मिटला म्हणून समीरनं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तू त्याच्या गाडीत पहिल्यांदा बसलास. टप उघडून नाल्यापर्यंत जाऊन आलात. तू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहुण्यासारखा बसला होतास. उतरल्यावर झकास म्हणालास. मी वर्षानुवर्षं मुलांकडून गणितं सोडवून घेतली, पण समोरचं गणित मला सुटलं नाही. मी घरून निघाले की नाही हे तुला ठाऊक नव्हतं, तर तू पारोळ्याहून परत का फिरलास? जीपमध्ये पाणी घालत घालत तू कन्नडचा घाट चढलेला माणूस. मी हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर मलाही काही विचारलं गेलं असतं.

त्यानंतर तू जीपचं नाव काढलं नाहीस. गेल्या भाऊबीजेला एसटीनं आलास. रविवारचे फोन लवकर संपायला लागले. मी मुद्दाम टोचून पाहिलं, समीरच्या गाडीचं टायर म्हणे एवढ्या किमतीचं येतं, स्टेपनी नाही ते नाहीच. तू म्हणालास, चांगली गाडी आहे, अक्का, उगाच नावं ठेवू नकोस. मला रडू आलं होतं तेव्हा. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. भांडायला तरी ठेवायचं होतंस काहीतरी.

माघात तू गेलास. ते कसं झालं हे मी इथे लिहीत नाही, गावभर तेच बोलणं आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. शोभा आणि मी ओसरीवर बसलो होतो. समोर शेडमध्ये जीप होती. मला वाटलं, तुला नाही तर निदान हिला सांगावं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जळगावला परत जाता येणार नव्हतं. मी सुरुवात केली, शोभा, गेल्या आखाजीला रस्त्यात...

तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. म्हणाली, अक्का, त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, पण आता काय. त्या दिवशी मागच्या अंगणात हात धुताना तू तिला सगळं सांगितलं होतंस. गाडी लांबूनच ओळखलीस. टप उघडं होतं, अक्काचा पदर उडत होता, केस सुटले होते आणि ती लहानपणी हसायची तशी हसत होती, असं म्हणालास. तिला असं हसताना किती वर्षांनी पाहिलं, म्हणालास. आणि मग आमची गाडी निघून जाईपर्यंत तू बॉनेटमधून मान वर काढली नाहीस. शोभानं विचारलं, हात का नाही केला? तर तू तिला म्हणालास,

"तिनी माले दखं असतं, त ती गाडी थांबाडती."

शोभाला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. मी रडायला लागले तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुमच्यावर फार जीव होता त्यांचा, म्हणाली. माझं अर्धं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. आता तिलाही सांगता येणार नाही. तिच्याकडे तुझी ही एवढी आठवण आहे, ती मी कशी नासवू?

आखाजी जवळ आलीय. शोभाचा निरोप आलाय, कोणाला तरी मुराळी पाठवते. मी नको म्हणून कळवलंय. समीरलाही नको म्हटलं. एसटीनं येईन, एकटी. आखाजीला पुजायच्या पितरांच्या घागरीत तुझ्या नावाचं पाणी मी माझ्या हातानं ओतणार आहे, आणि ते ओतताना मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. म्हणून हे आधी लिहिलं.

आपल्या बहिणीनं आपल्याला पाहिलंच नाही, पाहिलं असतं तर ती थांबली असती, हे मनात घेऊन तू नऊ महिने जगलास आणि तसाच गेलास. माझा आनंद मोडू नये म्हणून रस्त्याच्या कडेला, तापलेल्या इंजिनावर मान वाकवून उभा राहिलास. दिगू, मी तुला पाहिलं होतं.